बंब कमानीपाशी का थांबतो?

“आला! परत आला!”

एल्दो बाकावरून असा ताडकन उठला की बाकाचं दुसरं टोक खाली गेलं आणि नझीम चहाच्या ग्लासासकट जमिनीवर बसला.

“अरे ए, माणसं बसलीयत इथं!” नझीम ओरडला. पण त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? मुल्लक्कडवच्या तिठ्यावर लाल बंब येऊन उभा राहिला होता. ना भोंगा, ना घंटा, ना कसली घाई. सलग तिसरा दिवस, आणि वेळ तीच. पावणेचार!

उन्हाळ्याची सुट्टी लागून महिना झाला होता. केळीच्या खुंटांचा तराफा करून नदीत सोडायचा बेत तिघं करत होते, तो तिथंच राहिला. श्रीबाला हळूच टपरीच्या खांबाआड सरकली. ती बारा वर्षांची, आणि या तिघांची पुढारी. तिला कुणी निवडलं नव्हतं. पण तिचं ऐकलं नाही की ती बोलणंच बंद करायची, आणि ते फार भयंकर असायचं. एल्दो तेरा वर्षांचा. त्याचा आवाज इतका खणखणीत, की देवळाच्या लाउडस्पीकरला खुशाल सुट्टी द्यावी. नझीम सगळ्यात लहान, अकरा वर्षांचा, आणि टपरी त्याच्या वडिलांची, म्हणजे बाप्पांची. बाकी सगळे त्यांना हम्सिक्का म्हणत.

बंबातून पिकल्या मिशांचा एक खाकीवाला उतरला. तिठ्यावर भगवतीच्या उत्सवाची भलीमोठी कमान उभी होती. तिच्याकडे त्याने मान वर करून पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग बंब पुढेमागे करत करत कसाबसा वळला आणि आला तसा निघून गेला.

“चहाला येत असतील,” एल्दो म्हणाला.

“मग पितायत कुठं? तीन दिवसांत बाप्पांकडे एक ग्लास घेतला नाही त्यांनी,” नझीम म्हणाला.

“मग खजिना! कमानीखाली पुरलाय!”

“कमान सोमवारी उभी राहिलीय,” श्रीबाला म्हणाली. “तुझा खजिना काय रविवारी पुरला?”

“बाप्पा, हे बंबवाले रोज का येतात?” नझीमने विचारलं.

हम्सिक्का चहा वरून खाली, खालून वर ओतत होते. “सरकारी डिझेल आहे, जाळतायत. तुम्हाला काय करायचंय? आणि तो सांडलेला चहा पुसा आधी!”

मोठ्या माणसांची ही एक गंमतच असते. नाकासमोर रोज लाल रंगाचं एवढं धूड येऊन उभं राहतं, पण त्यांना त्यात विचित्र असं काही दिसत नाही. मुलांनी चहा पुसला, दोन सायकली काढल्या, नझीम एल्दोच्या मागे बसला आणि तिघं बंबाच्या मागे सुसाट निघाली.

बंब अर्थातच हाताला लागला नाही. पण फायर स्टेशन कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार किलोमीटरवर, बाजारपेठेच्या टोकाला. तिघं धापा टाकत फाटकात पोचली तेव्हा बेसिल नावाचा एक तरुण जवान जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर लांबच लांब दोर होता आणि तो वीत-वीत सरकवत, बोटांनी दाबत तपासत होता.

“तुटलाय का हो?” नझीमने विचारलं.

“नाही. काल तपासला तेव्हाही तुटलेला नव्हता,” बेसिल मान वर न करता म्हणाला. “उद्याही तपासणार. याला माणूस लटकतो.”

तेवढ्यात तेच पिकल्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले. छातीवर नाव होतं, सजीवन. या पाळीचे प्रमुख तेच. “काय रे, कुठं आग लावून आलात?”

“सर, आमच्या तिठ्यावर खजिना आहे का?” एल्दोने सरळ विचारून टाकलं. श्रीबालाने कपाळावर हात मारला.

सजीवन सर हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि तिघांपुढे धरली. पानावर गावांची नावं होती आणि पुढे मिनिटं. “उत्सवांचे दिवस आहेत. कुठं मांडव पडतो, कुठं कमान उभी राहते, कुठं दुकानं रस्त्यात येतात. रस्ता रोज बदलतो. म्हणून आम्ही आधीच जाऊन बघतो. बोलावणं आल्यावर रस्ता शोधत बसायचं नसतं, मोळे,” ‘पोरी’ म्हणावं तशा मायेने ते श्रीबालाला म्हणाले.

“पण पावणेचारलाच का?”

“तेव्हा बाजारात सगळ्यात जास्त गर्दी असते. सोप्या वेळेला लवकर पोचून काय उपयोग?”

मुल्लक्कडवच्या नावापुढे लिहिलं होतं: तिठ्यापर्यंत सात मिनिटं. त्याच्यापुढे जागा कोरी होती.

“तिठ्यापासून नदीपर्यंत खरं तर दोनच मिनिटं,” सर म्हणाले. “पण तुमच्या कमानीची उंची दहा फूट तीन इंच आहे, आणि शिडीसकट बंब दहा फूट आठ इंच. पाच इंचांसाठी अडलंय. उत्सव समितीला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून रोज जाऊन बघतो, कुणी उंच केली का.”

“दुसरा रस्ता आहे की! नदीपलीकडून!” नझीम म्हणाला.

“आहे. चाळीस मिनिटांचा.”

झालं, रहस्य उलगडलं! पण एल्दोला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही, कारण शेजारी श्रीबालाचा चेहरा पांढरा पडला होता.

“सर, कमानीपलीकडे साठ घरं आहेत. तिथं आग लागली तर...”

“उन्हाळ्यात आगीपेक्षा विहिरीच जास्त असतात,” बेसिल दोर गुंडाळत म्हणाला. “गाळ काढायला माणूस उतरतो, तळाला हवा खराब असते. कळायच्या आत चक्कर येते.”

श्रीबाला त्या दोराकडे बघत राहिली. तिचे अप्पूप्पन, म्हणजे आईचे वडील वेलायुधन, कमानीपलीकडेच राहत होते आणि त्यांचं कामच विहिरींचा गाळ काढायचं. वय अडुसष्ट. या महिन्यात तर रोज कुठल्या ना कुठल्या विहिरीत ते उतरलेले असायचे. आणि कमरेला दोर? “चाळीस वर्षं उतरतोय, दोर कशाला?” हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

“तसं झालं तर काय करायचं, सर?” तिने शेवटी विचारलं.

सजीवन सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि ते पायरीवर बसले. “तीन गोष्टी. आधी आम्हाला फोन. विहीर कुठं, किती खोल, आत किती माणसं, एवढं सांगायचं. मग पाल्याची मोठी फांदी दोरीला बांधून आत सोडायची आणि वर-खाली करत राहायची, म्हणजे हवा ढवळते. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. दुसऱ्या कुणालाही आत उतरू द्यायचं नाही. कितीही रडला, ओरडला तरी. पहिला माणूस कामासाठी उतरलेला असतो. दुसरा मायेने उतरतो आणि त्याच्याशेजारी जाऊन पडतो. असे किती जण वर काढलेत आम्ही.”

परतताना तिघं एक अक्षर बोलली नाहीत. एल्दोसाठी हा विक्रमच होता.

उत्सव समितीचे सचिव रघुत्तमन कमानीपलीकडच्या देवळाच्या अंगणात दोन फोनवर एकदम बोलत होते. माणूस वाईट मुळीच नव्हता, साऱ्या गावाचा चेट्टन, म्हणजे मोठा भाऊच. रात्री-बेरात्री कुणाला रक्त लागलं तर सगळ्यात आधी हाच धावायचा. पण उत्सव जवळ आला की त्याच्या कानात चेंड्यांशिवाय, म्हणजे ढोलांशिवाय, दुसरं काही शिरत नसे.

“रघुच्चेट्टा, कमान पाच इंच उंच करायला हवी,” श्रीबाला म्हणाली. “बंब जात नाही खालून.”

“अगं, त्या सरांची पत्रं आहेत माझ्याकडे,” रघुत्तमननी खिशावर थाप मारली. “रविवारी उत्सव, सोमवारी कमान खाली! चार दिवसांत काय जळणारे?”

“आणि जळलंच तर?”

“तर करवत आहे की! कापून टाकू!”

“किती वेळ लागेल कापायला?”

“अर्धा तास... फार तर पाऊण...” बोलता बोलता रघुत्तमन जरा अडखळले. पण तेवढ्यात फोन वाजला. “हॅलो! काय? चेंडेवाले किती? सव्वाशे? जागा कुठंय एवढ्यांना!” आणि ते गेले.

“पाऊण तास!” नझीम म्हणाला. “त्यापेक्षा नदीपलीकडून लवकर येतील.”

श्रीबाला त्या संध्याकाळी अप्पूप्पनांकडे गेली. ते अंगणात बसून टॅपिओकाचे कंद सोलत होते. भिंतीवर एक नवंकोरं पोस्टर चिकटवलेलं होतं: या वर्षी देवीची मूर्ती मिरवणार मंगलत्त नीलकंठन! हत्तीच्या फोटोखाली हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘उंची दहा फूट एक इंच’.

“अप्पूप्पा, उद्यापासून दोर बांधाल ना?”

“बांधेन, बांधेन. पण तू याला बघ!” म्हातारबुवांचे डोळे पोस्टरवर खिळले होते. “खांद्याशी दहा फूट एक इंच! आणि डोकं वर उचललं की अकराच्या वर जातो. मागच्या आठवड्यात शेजारच्या किळक्केक्करला आला होता. बाजूला दोन हत्ती, पण याने मान अशी उचलली, की लोकांनी टोप्या हवेत उडवल्या! आपल्या तिठ्यावरून चालत येईल तेव्हा...”

श्रीबाला उठून उभीच राहिली.

“काय झालं गं?”

“काही नाही अप्पूप्पा! तुमची फणस काढायची आकडी घेऊन जाऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हम्सिक्कांच्या टपरीवर नेहमीची मंडळी जमली होती. पेपर वाचणारे, पेपरावरून भांडणारे आणि नुसतेच बसणारे. हत्ती हा विषय निघाला की या तिन्ही पक्षांची एकी व्हायची. एल्दो मधोमध उभा राहिला आणि त्याने एक मोठा सुस्कारा टाकला. असा सुस्कारा, की रस्त्यापलीकडचं कुत्रंही उठून बसलं.

“बिचारा नीलकंठन!”

पेपर खाली आले. “का रे? काय झालं नीलकंठनला?”

“अजून काही नाही झालं. पण रविवारी आपल्या दारात त्याला मान खाली घालावी लागणार.”

“काय?”

“मान खाली?”

“नीलकंठनने?”

“किळक्केक्करचे लोक हसतील आपल्याला,” नझीमने तेवढ्यात हळूच तेल ओतलं. “आमच्याकडे मान वर, मुल्लक्कडवला मान खाली, असं म्हणतील.”

“अरे पण का घालेल तो मान खाली?” एक आजोबा काठी आपटत उभे राहिले.

श्रीबालाने आकडी पुढे केली. तिच्यावर खडूने दोन रेघा होत्या. “ही खालची रेघ म्हणजे आपली कमान. दहा फूट तीन इंच. आम्ही सकाळी मोजली. आणि ही वरची रेघ, डोकं वर केलेला नीलकंठन.”

दोन रेघांमध्ये चांगलं हातभर अंतर होतं. आणि मग जो गोंधळ उडाला, तो देवीने देवळातसुद्धा ऐकला असेल!

“रघुत्तमन कुठाय? बोलवा त्याला!”

“गावाची अब्रू घालवणार हा!”

रघुत्तमन कमरेला नेसलेला मुंडू सावरत धावत आले. “कोण म्हणतं? बारा फुटांची कमान आहे! मी स्वतः मोजलीय!”

“मोजल्यावर खाली तो शुभेच्छांचा फलक कुणी टांगला?” आजोबांनी काठीने वर दाखवलं. “पावणेदोन फूट खाली आलाय तो!”

फलक रघुत्तमननी स्वतःच टांगला होता. त्यांनी वर पाहिलं, आकडीकडे पाहिलं, आणि चेहरा असा केला जसा परीक्षेचा पेपर मागच्या बाजूलाही होता हे घंटा झाल्यावर कळावं.

पुढचं सगळं बघण्यासारखं होतं. कुणी पोफळीचे वासे आणले, कुणी शिडी, कुणी दोऱ्या. वीस माणसं भिडली. रघुत्तमन स्वतः कमानीवर चढले, फलक काढला, खांबांना जोड दिले आणि दोन तासांत कमान चौदा फुटांवर गेली!

“बंबासाठी चार दिवस वेळ नव्हता,” श्रीबाला पुटपुटली. तिला हसूही येत होतं आणि रागही.

“हत्तीसाठी दोन तास पुरले,” नझीम म्हणाला. “जाऊ दे ना. झालं हे खरं.”

शुक्रवारी पावणेचारला बंब आला, कमानीपाशी क्षणभर थबकला आणि आरामात खालून पलीकडे गेला. नदीपर्यंत जाऊन परत आल्यावर सजीवन सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. टपरीपाशी बंब थांबवून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“माझ्या दोन पत्रांनी जे झालं नाही ते कसं झालं रे?”

“आम्ही काही नाही केलं, सर!” एल्दो अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला. “नीलकंठनने केलं!”

पहिल्यांदाच सजीवन सर खो-खो हसले.

शनिवारी सकाळी देवळाच्या अंगणात अर्धं गाव होतं. तिघं मुलं कोवळ्या झावळ्यांची तोरणं विणत होती. मागच्या बाजूला स्वयंपाकघराजवळची विहीर उपसायचं काम चाललं होतं. रविवारी दोन हजार माणसं जेवायला, आणि पाणी गढूळ! म्हणून रघुत्तमननी घाई केली होती. विहीर चाळीस फूट खोल. पंप वरून पाणी खेचेना, तेव्हा डिझेलचा पंपच दोरांनी आत उतरवून खालच्या कट्ट्यावर ठेवला होता. दीड तास तो आत धडधडत राहिला आणि मग खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला.

“बघून येतो,” म्हणत वेलायुधन अप्पूप्पन खोबण्यांत पाय ठेवत उतरले. दोर कठड्यावरच पडून होता.

श्रीबालाला हे कळलं ते एकदम कुणीतरी हाका मारू लागलं तेव्हा. “वेलायुधनच्चेट्टा! ओ वेलायुधनच्चेट्टा!”

उत्तर नव्हतं. हातातलं तोरण टाकून ती धावली. कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली अंधूक दिसत होतं. अप्पूप्पन पंपाशेजारी कट्ट्यावर कलंडले होते. एक हात पाण्यावर लोंबत होता.

“बाजूला व्हा!” रघुत्तमननी मुंडू वर खोचला आणि एक पाय कठड्यावर टाकला. “मीच पाठवलं त्यांना. मी आणतो वर!”

“नाही!” श्रीबालाने दोन्ही हातांनी त्यांचा दंड पकडला. “तुम्ही उतरायचं नाही! पंपाचा धूर भरलाय आत!”

“सोड, मोळे! मरतील ते!”

“ते माझे अप्पूप्पन आहेत!” ती किंचाळली. “मला नाही का उतरावंसं वाटत? पण तुम्ही उतरलात तर तुम्हीही त्यांच्याशेजारी पडाल! मग दोघांना काढायला लागेल, आणि ते शेवटी निघतील!”

रघुत्तमन थिजले. एवढीशी पोरगी, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि हात मात्र लोखंडासारखे घट्ट. त्यांनी पाय खाली घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी श्रीबालाचे स्वतःचेच पाय विहिरीकडे ओढले जात होते. ती तशीच उभी राहिली.

“नझीम!”

“लावला!” नझीमच्या कानाला फोन होता. त्याचा आवाज थरथरत होता पण शब्द नव्हते अडखळत. “मुल्लक्कडव, भगवतीच्या देवळामागची विहीर. चाळीस फूट. आत एक माणूस, बेशुद्ध. आत डिझेलचा पंप चालला होता. नाही सर, दुसरं कुणी उतरलं नाही. उतरू देणार नाही!”

“मी तिठ्यावर जातो!” एल्दोने सायकलवर उडी टाकली. वाटेत झावळ्यांनी भरलेल्या हातगाड्या होत्या, दिव्यांच्या माळा लावणाऱ्यांची शिडी होती, रस्त्यातच लावलेल्या तीन मोटारसायकली होत्या. आज त्याच्या आवाजाचं चीज झालं. “रस्ता मोकळा करा! बंब येतोय! शिडी काढा! ए चेट्टा, ती गाडी आत घ्या!” लोक दचकून बाजूला झाले. कारण विचारायला कुणी थांबलंच नाही.

इकडे आंब्याची एक भरगच्च फांदी तोडून दोरीला बांधली होती. रघुत्तमन ती विहिरीत वर-खाली, वर-खाली करत होते. घामाने निथळत होते, पण थांबत नव्हते. श्रीबाला कठड्यावर ओणवी होऊन हाका मारत होती. “अप्पूप्पा! ऐकताय ना? सर येतायत! झोपू नका! उद्या नीलकंठन येणारे! अप्पूप्पा!”

वाट बघणं सगळ्यात अवघड असतं, हे तिला आता कळत होतं. प्रत्येक क्षणी वाटायचं, कुणीतरी काहीतरी करायला हवं. आणि करायचं होतं ते एवढंच.

मग लांबून भोंगा ऐकू आला. बाजारातून, मग वळणावरून, मग तिठ्यावरून. तिठ्यावर तो अडला नाही. एका दमात कमानीखालून गेला आणि देवळाशी आला. नझीमने घड्याळाकडे पाहिलं. नऊ मिनिटं!

बंब पुरता थांबायच्या आत बेसिल खाली होता. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा, कमरेला दोर. कुणी ओरडलं नाही, कुणी धावाधाव केली नाही. चार माणसांना आठ हात असल्यासारखी कामं होत गेली. बेसिल विहिरीत दिसेनासा झाला. दोर सरसरत गेला. थांबला. तीनदा हलला.

“ओढा!” सजीवन सर म्हणाले. “हळू. एकसारखं.”

जाळीत गुंडाळलेले अप्पूप्पन वर आले. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. सरांनी लगेच त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरला. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग म्हातारबुवा खोकले! घरघरत, जोरात, पुन्हा खोकले!

श्रीबाला मटकन खाली बसली आणि इतका वेळ अडवून ठेवलेलं रडू एकदम बाहेर पडलं. एल्दो आणि नझीम तिच्या दोन बाजूंना बसले.

रुग्णवाहिका गेल्यावर लोकांनी जवानांना घेराव घातला. “चहा घ्या! पायसम घ्या! बसा तरी!” पण बेसिल अंगणात मांडी घालून दोर वीत-वीत तपासत बसला होता आणि दुसरा जवान हवेची टाकी बदलत होता.

“आधी हे,” सजीवन सर म्हणाले. “पुढचा फोन आम्ही चहा पिऊन होईपर्यंत थांबत नाही.”

रविवारी संध्याकाळी नीलकंठन तिठ्यावरून चालत आला. मान ताठ, डोकं वर! टोप्या उडाल्या, चेंडे घुमले, आणि हत्तीप्रेमी आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक रात्र दवाखान्यात काढून अप्पूप्पनही आले होते. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली होती, पण नीलकंठन येणार आणि वेलायुधन घरी पडून राहणार हे कुणाच्या बापाला जमलं नसतं. श्रीबाला त्यांचा हात धरून उभी होती.

व्यासपीठावर सजीवन सर, बेसिल आणि तिन्ही मुलांना बोलावलं होतं. बंब अंगणाबाहेर उभा होता, तोंड रस्त्याकडे करून. रघुत्तमननी माईक हातात घेतला. लांबलचक भाषण लिहून आणलं होतं, पण कागद त्यांनी खिशात ठेवला.

“या सरांनी मला दोन पत्रं पाठवली होती,” ते म्हणाले. “दोन्ही माझ्या खिशातच पडून होती. आणि ही कमान मी उंच केली ती बंबासाठी नाही. हत्तीसाठी केली. हे मला सगळ्या गावासमोर सांगायचंय, कारण मला लाज वाटते.” त्यांनी मुलांकडे बोट केलं. “या तीन कार्ट्यांनी हत्तीचं नाव पुढे करून मला फसवलं. बरं झालं फसवलं! नाहीतर काल बंब वेळेत पोचलाच नसता. विहिरीवरसुद्धा या मुलीने मला धरून ठेवलं. वेलायुधनच्चेट्टन गेले असते, आणि त्यांच्यामागे मीही.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की एल्दोलाही काही बोलता येईना. सजीवन सर उठले. “मी एवढंच म्हणेन,” ते म्हणाले, “आमच्या पाळीत चार माणसं आहेत. काल आम्ही सात होतो.”

मग जरीच्या सोनेरी शाली आल्या. आधी सरांना घालायची, आणि नंतर सरांच्या हातून मुलांना. रघुत्तमननी पहिली शाल उलगडली, आणि तेवढ्यात बाहेर बंबातला वायरलेस खरखरला. किळक्केक्करला रबर वाळवायच्या धुरीघराला आग!

शाल हवेतच राहिली. सर आणि बेसिल पायऱ्या उतरून पळालेसुद्धा होते. मध्ये दोन हजार माणसं आणि एक हत्ती!

“मुलांनो, रस्ता!” सरांनी पळता पळता हाक दिली.

“रस्ता!” एल्दो व्यासपीठावरून गरजला. नझीमने उडी मारून गर्दीत वाट पाडायला सुरुवात केली. रघुत्तमननी शाल खांद्यावर टाकून माईक पकडला. “बाजूला व्हा! चेंडे थांबवा! नीलकंठनला डावीकडे घ्या!” गर्दी दुभंगली, माहुताने नीलकंठनला कडेला नेलं आणि बंब भोंगा वाजवत कमानीखालून निघून गेला.

श्रीबाला व्यासपीठावरून उतरून अप्पूप्पनांजवळ आली. तिचा चेहरा जरासा उतरला होता. सरांच्या हातून शाल घ्यायची, घरी जाऊन आईला दाखवायची, असं तिने मनाशी किती रंगवलं होतं!

“पाच मिनिटं तरी थांबले असते,” ती हळूच म्हणाली.

अप्पूप्पनांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज अजून घोगराच होता. “मोळे, काल मी खाली पडलो होतो तेव्हा त्यांना दुसऱ्या गावात कुणी शाल घालत असतं, आणि ते पाच मिनिटं थांबले असते तर?”

श्रीबालाने त्यांचा खडबडीत हात घट्ट धरला, आणि भोंग्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती दोघं रस्त्याकडे बघत उभी राहिली.